डाव्या पायाची वही

१८ नोव्हेंबर १९५७, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं. वही बाजारातून आणली. चौथी पास माणसानं स्वतःसाठी वही घ्यावी हे दुकानदाराला पटेना, तो दोनदा म्हणाला, "पोरासाठी का?" मी म्हटलं, माझ्या पायासाठी. तो हसला.

पण खरंच पायासाठीच आहे. पाच दिवसांपासून डाव्या पोटरीत गोळा येतो. पिंपळखुटीच्या टपाल हापिसातून निघालो की बोरखेडी, साखरा, पारडी आणि शेवटी उमरी, जाऊन येऊन नऊ मैल. चार वर्षं हा फेरा करतो आहे. मला पाहून बाया चुलीवर भात ठेवतात, इतका मी वेळेचा पक्का. आणि आज साखऱ्याच्या अलीकडे पोटरी अशी आवळली की बाभळीला टेकून उभा राहावं लागलं.

बिडी पेटवली. बिडी संपता संपता दुखणं गेलं, जसं काही नव्हतंच. पुन्हा चाललो.

२२ नोव्हेंबर

आमच्याकडे जुनी माणसं वाट बिडीनं मोजतात. अमुक गाव किती लांब, तर दोन बिड्या. माझा फेरा पूर्वी चार बिड्यांचा होता, गावाला एक. आज सात लागल्या. दर वेळी तेच घडतं. मैल-सव्वा मैल चाललो की गोळा येतो, थांबून बिडी ओढली की तिच्यासोबत तो विरतो. धुरानं आतल्या शिरा सैल होत असाव्यात. वैद्याला विचारायची गरज नाही, मी रोज पाहतो आहे.

२ डिसेंबर, सोमवार

पंचफुला म्हणाली, "बिडीनं नाई, थांबल्यानं बरं वाटत असंन तुमाले."

माझी बायको शाळेत गेलेली नाही, पण वाद घालायला वकील आहे. म्हटलं, बघू. आज मुद्दाम बिडी न ओढता थांबलो. उभा राहिलो, दहा-बारा श्वास घेतले, नुसतं उभं राहून करायचं काय? लोक बघतात, टपालवाला रस्त्यात खांबासारखा उभा. निघालो. शंभर पावलांत पुन्हा गोळा. मग बिडी काढली, पूर्ण ओढली आणि पारडीपर्यंत सुखानं गेलो.

घरी येऊन तिला सांगितलं. ती सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती, पान कापून जर्दा भरून दोरा बांधेपर्यंत तिची बोटं थांबत नाहीत. ठेकेदार तिच्या सुपातल्या वाकड्या-तिकड्या बिड्या छाट म्हणून बाजूला काढतो. त्या छाट बिड्या आपल्याच. गावात इतर लोक विकत घेतात, मला घरबसल्या मिळतात. यापेक्षा बायकोनं नवऱ्यासाठी आणखी काय करावं!

९ डिसेंबर

मोठी बातमी. प्रभाकरराव पोस्टमास्तरांनी आत बोलावून घेतलं. म्हणाले, "कवडू, एप्रिलपासून तुला कायम करायचं चाललंय. माझी शिफारस गेली. फक्त वर्ध्याच्या डॉक्टरचा कागद पाहिजे, तब्येत धडधाकट असल्याचा."

घरी येईपर्यंत कुणाला सांगितलं नाही. पंचफुलाला सांगितलं तेव्हा तिनं हात पुसले आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे जाऊन उभी राहिली. गेल्या साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हाच ही तसबीर आणली.

मला बाप आठवला. त्यालाही वाट चालायचंच काम होतं. गावात कुणी मेलं की पाटील बोलवायचा, हातात काठी आणि आठ-दहा कोसांवरच्या सोयऱ्यांना मयतीचा सांगावा. ऊन असो, गारा असोत, नाही म्हणायची सोय नव्हती. पोचल्यावर अंगणाच्या बाहेर उभं राहून ओरडून सांगायचं. बदल्यात भाकर, तीही वरून टाकलेली. मी त्याच वाटांनी चालतो, पण माझ्या खांद्यावर सरकारची पिशवी आहे आणि लोक ओसरीवर बसवून पाणी देतात. सगळे नाही. पण देतात. आता हे कायमचं होणार. पाय तेवढा एप्रिलपर्यंत सांभाळायचा.

२६ डिसेंबर, गुरुवार

थंडी फार. डाव्या अंगठ्याला भेग पडली आहे, बारीकच, पण बुजत नाही. पंचफुलाला बिब्बा लावायला सांगितलं. ती कुरकुरली, "बिब्बा उततो कोना-कोनाले." मी म्हटलं, माझ्या बापानं आयुष्यभर भेगांत बिब्बाच भरला. मग तिनं बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला, तेल सुटलं तसं भेगेत सोडलं. एरवी माणूस ओरडतो. मला चटकाही लागला नाही.

"काहीच नाई झालं?" तिनं विचारलं.

"टपालवाल्याचं कातडं आहे," मी म्हटलं. तिला हसू आलं नाही.

४ जानेवारी १९५८, शनिवार

अंगठा उतला. फोड आला होता, तो फुटला, आता ओलं राहतं. कडेनं काळा डाग पडला आहे. बिब्ब्याचा डाग. परीट कपड्यावर बिब्ब्याची खूण करतात ती कपडा फाटला तरी निघत नाही, कातड्यावरचा दोन-तीन आठवड्यांत कातड्याबरोबर जातो. काळजीचं कारण नाही.

पाय खाटेवर आडवा ठेवला की ठणकतो, खाली लोंबता सोडला की बरं वाटतं. म्हणून तसाच निजतो.

१३ जानेवारी

आज फेऱ्याला एकोणीस बिड्या.

खरं लिहायचं तर सगळा फेरा झालाच नाही. उमरीला गेलो नाही. शुक्रवारीही गेलो नव्हतो. उमरी शेवटचं गाव, पारडीच्या पुढे दीड मैल, वाटेत नाला. तिकडचं टपाल थोडं असतं, दोन कार्डं, तीन कार्डं. मी ते पिशवीत ठेवतो आणि दोन-तीन दिवसांचं एकदम नेतो. प्रत्येक गावात गेल्याची सही हापिसच्या वहीत घ्यावी लागते, ती उमरीच्या पाटलाकडून पुढच्या तारखांचीही घेऊन ठेवली. पाटलानं न बघता केली. मला तो भला माणूस वाटतो, म्हणून जास्तच लाज वाटली.

एप्रिलपर्यंतच. कायम झालो की रजा मिळते. मग पायाला आराम देईन.

डाग अंगठ्याच्या नखापर्यंत आला. बिब्ब्याचं तेल पसरतं.

३० जानेवारी, गुरुवार

हे लिहावं की नाही याचा दिवसभर विचार केला. पण मग वही कशाला घेतली?

उमरीला देवकाबाई म्हणून एक विधवा बाई आहे. दहा-बारा एकराचं शेत, मुलगा नाही, सेलूकडे एक भाऊ. दीक्षेनंतर गावात काही लोकांनी आमच्याशी बोलणं टाकलं, तिनं टाकलं नाही. ओसरीवर बसवून गूळ-पाणी देते.

आज तिला कार्ड दिलं. तिला वाचता येत नाही, तिनं मलाच वाचायला सांगितलं. भावाचा आजार वाढला आहे, तुझं नाव घेतो आहे, असशील तशी निघून ये. मी वाचलं. सोमवारी आमच्या हापिसात आलेलं कार्ड. सोमवारपासून ते माझ्या खांद्यावर फिरत होतं.

देवकाबाईनं लगेच आत जाऊन लुगडं बदललं, बैलगाडी जोडायला सांगितली. जाताना मला म्हणाली, "बरं झालं बापा, तू आनून देल्लं."

४ फेब्रुवारी

देवकाबाई पोचली तेव्हा चितेची राखही भरून झाली होती. भाऊ मंगळवारी संध्याकाळी गेला. सोमवारी कार्ड मिळालं असतं तर मंगळवारी सकाळी ती तिथे असती.

माझ्या बापाला अक्षर येत नव्हतं, पायात वहाण नव्हती. त्यानं एकही सांगावा उशिरा पोचवला नाही. मी जेवलो नाही. पंचफुलानं कारण विचारलं, सांगितलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

उमरीच्या शाळेतल्या मास्तरांनी कार्डाच्या शिक्क्यावरची तारीख बघितली. देवकाबाई स्वतः गाडीत बसून पिंपळखुटीला आली. मी हापिसातच होतो, पिशवी भरत होतो. तिनं कार्ड प्रभाकररावांच्या मेजावर ठेवलं नाही, माझ्या हातात दिलं.

"मास्तर म्हन्ते का हे सोमवारचं हाये. खरं हाये का, कवडू?"

"हो बाई."

"मंग तू काऊन नाई आनलं?"

"पाय दुखून राह्यला बाई. उमरीपर्यंत चालनं होत नाई."

ती खूप वेळ माझ्या पायाकडे बघत होती. अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. मला वाटलं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "सांगतलं असतं तं मी माह्या गड्याले रोज पारडीले पाठोलं असतं. एवढंच सांगाचं होतं नं तुले." आणि गेली.

प्रभाकररावांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "मी वर कळवत नाही. पण एक तारखेच्या आत मला डॉक्टरचा कागद पाहिजे. पाय धड आहे असा. नाहीतर लहानूला हा फेरा देतो." लहानू आमच्याच वस्तीतला, बावीस वर्षांचा, पळत जातो पळत येतो.

मी मान डोलावली. कागद मिळवीनच.

२० फेब्रुवारी, गुरुवार. वर्धा

पंचफुला सोबत आली. पहाटेच्या मोटारीनं हिंगणघाट, तिथून वर्धा. दवाखान्यात मोटारीच्या थांब्यापासून चालत जाताना चार वेळा थांबलो. तिनं प्रत्येक वेळी माझ्या बिडीकडे पाहिलं.

डॉक्टर तरुण होते. कागद मागितला. ते म्हणाले, आधी पाय दाखवा. फडकं सोडलं तसा वास आला, मलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, "काळं दिसते ते बिब्ब्याचं हाये, साहेब. डाग."

त्यांनी कापसाला स्पिरिट लावून अंगठा पुसला. पुन्हा पुसला. काळं तसंच. मग चिमट्यानं टोचलं, म्हणाले, दुखतं? मी म्हटलं, नाही, कातडं जाड आहे. त्यांनी पंचफुलाकडे पाहिलं. उलट्या हातानं आधी उजवा पाय चाचपला, मग डावा. घोट्याच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून बराच वेळ डोळे मिटून बसले, नाडी शोधत. मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही शोधली.

मोठे डॉक्टर खाटेवर माझ्या शेजारी बसले. "शेती आहे?"

"नाई जी. पाहिली हाये."

"पाटात गाळ भरत गेला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. पायात रक्ताच्या नळ्या असतात, तुमच्या आतून आवळत आल्या आहेत. अंगठा शेवटचा वाफा आहे. तो वाळला. हा डाग नाही, मेलेलं मांस आहे. आणि गार पडलेला हा सगळा पाय त्याच वाटेवर आहे."

मला उमरी आठवली.

"दिवसाला बिड्या किती?"

"चार," मी म्हटलं.

पंचफुला भिंतीकडे बघत होती. डॉक्टर म्हणाले, "चार असोत की चाळीस, आजपासून एकही नाही. बिडीनंच त्या नळ्या आवळतात. सोडली तर काही वाचेल. नाही सोडली तर मी फक्त कापत राहीन."

त्यांनी दाखल व्हायला सांगितलं. मी म्हटलं, घरी जाऊन येतो. कागद मिळाला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरांचं शिक्षण मोठं आहे, त्यात शंका नाही. पण ते खुर्चीत बसून सांगतात. मी तीन महिने वाटेवर उभं राहून पाहिलं आहे, या वहीत तारखेनिशी आहे. बिडी ओढली की गोळा गेला. एकदा नाही, शेकडो वेळा. नळ्या आवळत असत्या तर दुखणं वाढायला हवं होतं, कमी कसं झालं? मी हे त्यांना विचारायला हवं होतं. तिथे सुचलं नाही.

तरी तीन दिवस ओढली नाही. ठणका दुप्पट. आज दुपारी सोसवेना, पंचफुलाच्या सुपाकडे गेलो तर सूप जागेवर नाही. पान नाही, जर्दा नाही, दोरा नाही. ती दारात उभी होती.

"ठेकेदाराले वापस करून आली," ती म्हणाली. "उद्यापासून कपाशीच्या पऱ्हाट्या उपटाले जातो मी, रोजीनं."

"तुझी कमाई गेली ना?"

"जाऊ द्या."

"मले इचारलं काऊन नाई?"

"माह्या हातानं वळल्या नं मी," ती म्हणाली. "सात वर्स. तुमी ओढल्या त्या साऱ्या माह्या हातानं वळेल होत्या. मले इचारू नका आता काई."

मी खूप रागावलो. नको ते बोललो. मग शेजारी रामाजीकडे जाऊन एक मागून ओढली. ठणका थोडा बसला. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

६ मार्च, गुरुवार

ताप. काळं पावलाच्या अर्ध्यापर्यंत. देवकाबाईनं गाडी पाठवली. कुणी तिला सांगितलं माहीत नाही. गवताच्या पेंढ्या घालून, वर घोंगडी अंथरून, तिचा गडी पंचफुलाला म्हणाला, "बाईनं सांगतलं, दवाखान्यापर्यंत नेऊन देजो." गाडीत बसताना मला कुणाच्याही तोंडाकडे बघवेना.

१९ मार्च. वर्धा, दवाखाना

आठ दिवसांपूर्वी कापला. गुडघ्याखालून. लिहायला आज हात स्थिर आहे.

वाटलं होतं त्यापेक्षा मन शांत आहे. दुखणं गेलं, वास गेला. एक पाय गेला, दुसरा आहे. डॉक्टर रोज येतात, एकच विचारतात, बिडी? मी म्हणतो, सोडली. पंचफुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती रडली. लग्नात रडली होती त्यानंतर आज.

८ एप्रिल, मंगळवार

प्रभाकरराव भेटायला आले, केळी घेऊन. फेरा लहानूला दिला. ते मान खाली घालून बोलत होते, मीच म्हटलं, "बरं केलं साहेब, पोरगं चांगलं हाये. उमरीले देवकाबाईचं टपाल आधी देजो म्हना." ते म्हणाले, "बरा झालास की हापिसच्या ओसरीत बस. लोकांना कार्डं लिहून दे, मनीऑर्डरीचे फॉर्म भरून दे. सरकारी नाही, पण बसायला जागा माझी."

ते गेल्यावर बराच वेळ हाच विचार. वस्तीपासून हापिस दोन फर्लांग. कुबडी आणि एक पाय पुरे. बसून काम. लोक आपल्या मनातलं मला सांगतील आणि मी लिहीन. खरं तर फेऱ्यापेक्षा हे काम वरचं आहे.

एक विचित्र गोष्ट. कापलेल्या पायाचा अंगठा दुखतो. पाय नाही, तरी अंगठा दुखतो. डॉक्टर म्हणाले, असं होतं, हळूहळू जाईल. शेजारच्या खाटेवर मोतीलाल आहे, जिनिंगमध्ये हात अडकलेला. तो म्हणाला, त्याचा गेलेला हातही खाजतो. आम्ही दोघं हसलो. त्यानं उशीखालून बंडल काढलं. मी नको म्हटलं.

२१ एप्रिल

नसलेला अंगठा रोज दुखतो. आज व्हरांड्यात मोतीलालसोबत अर्धी ओढली. अर्धीच. दुखणं थांबलं, हे त्यालाही दाखवलं. ज्या पायात नळ्याच नाहीत त्याच्यासाठी ओढली तर आवळणार काय? हे मोतीलाललाही पटलं.

२८ एप्रिल

दिवसाला तीन. कधी चार. व्हरांड्याच्या टोकापर्यंत कुबडीवर जातो. परवा येताना उजवी पोटरी भरून आली, सगळं वजन तिच्यावरच पडतं ना. पंचफुलाला सांगितलं नाही, ती उगाच घाबरते.

३ मे १९५८, शनिवार. बुद्धपौर्णिमा

ऊन असं की दुपारी व्हरांड्याच्या लोखंडी कठड्याला हात लावता येत नाही. खाटेच्या पट्ट्याही तापतात. वॉर्डात सगळे उघडे पडून, ओली फडकी छातीवर घेऊन.

पंचफुला खीर घेऊन आली. पांढरं लुगडं नेसली होती. वस्तीत सकाळी वंदना झाली, लहान मुलांनी झेंडा लावला, सगळं सांगितलं. पऱ्हाट्या उपटून तिच्या तळहातांना घट्टे पडले आहेत. तिचे हात आता बिडी वळायच्या कामाचे राहिले नाहीत. प्रभाकररावांनी ओसरीत माझ्यासाठी लाकडी पेटी ठेवली, त्यावर बसायचं, हेही तिनंच सांगितलं. डॉक्टर सोमवारी सोडणार आहेत.

मी खीर खात होतो. ती पायथ्याशी बसली होती, बोलता बोलता माझ्या पावलावर हात ठेवला. मग बोलायची थांबली. दुसराही हात ठेवला. दोन्ही हातांनी पाऊल धरून बसली.

"थंडगार हाये," ती म्हणाली.

"बरं हाये नं," मी म्हटलं. "एवढ्या उन्हात माह्या अंगाले एक तरी जागा गार हाये."

मोतीलाल हसला. पंचफुलानं पाऊल सोडलं नाही. पदरानं ते झाकलं आणि चोळत बसली, भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तरी.